मोकळी खुर्ची

१

शिवणमावशीच्या घरी गेलेल्या माणसाला आधी थोडा वेळ उभंच राहावं लागायचं. खुर्च्या नव्हत्या असं नाही. चांगल्या पाठीच्या, हातांच्या, मजबूत लाकडाच्या खुर्च्या होत्या. पण प्रत्येकीवर कपड्यांचा ढीग. एकीवर झिपा बदलायच्या पँटी, दुसरीवर आखूड करायचे पडदे, खिडकीजवळच्या तिसरीवर तर नुसत्या चिंध्या. गिऱ्हाईक उभ्याउभ्या माप देऊन जाई, पाहुणा सोफ्याच्या कडेला टेकून चहा पिई. मावशी स्वतः मशीनपुढे पाठ नसलेल्या स्टुलावर बसे.

“आमच्याकडे कपडे बसतात आणि माणसं उभी राहतात,” असं काका, म्हणजे मावशीचे यजमान, आल्यागेल्याला सांगत. काकांनी जन्मभर बस चालवली होती. “बसमध्ये तेच पाहिलं, घरीही तेच. आपलं नशीबच उभ्या माणसांचं!”

लोक हसत. हसण्यावारी गेलं की पुढचं कोणी विचारत नाही, हे काकांना पक्कं माहीत होतं.

खरी गोष्ट अशी की मावशीला मोकळी खुर्ची बघवत नसे. बाक, सोफा, स्टूल, पलंग यांचं तिला काही वाटायचं नाही. पण एका माणसापुरती, पाठ आणि हात असलेली खुर्ची रिकामी दिसली की तिच्या घशाला कोरड पडे, तळहात ओले होत, कानात रक्ताचे ठोके वाजू लागत. कधीपासून? आठवतं तेव्हापासून. का? ते तिलाही सांगता येत नव्हतं. कुठली जुनी घटना नाही, कोणी भेडसावलेलं नाही. खुर्चीवर काहीतरी टाकलं की ती कपडे ठेवायची जागा होई आणि मावशीचा जीव भांड्यात पडे. एवढ्या साध्या तोडग्यावर सगळा संसार नीट चालला होता. चारचौघींपेक्षा बराच चालला होता म्हणा ना.

मग लेकीला मुलगी झाली.

२

लेक एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. रजा संपली की बाळाला दिवसभर आईकडे ठेवायचं, हे ठरलेलंच होतं. बाळाचं खरं नाव मोठं आणि गोड होतं, पण सगळे तिला ठकू म्हणत.

एके दिवशी लेक ठकूला घेऊन आली. आईच्या मांडीवर बाळ दिलं आणि आपण बसायला म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीवरच्या चिंध्या उचलून खाली ठेवल्या. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती बाहेर गॅलरीत गेली. परत आली तेव्हा ठकू जमिनीवर उताणी पडून टाहो फोडत होती आणि मावशी घरात नव्हती. ती खाली रस्त्यावर, अनवाणी, भिंतीला टेकून उभी होती.

ठकूला लागलं नव्हतं. मावशीने तिला ठेवलं होतं, टाकलं नव्हतं. पण ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “आई, तुझ्याशिवाय मी ठकूला कोणाकडे ठेवणार नाही. पण तुझ्याकडे अशी ठेवू शकत नाही. डॉक्टरकडे जा. मी तुला या घरात एक खुर्ची मोकळी दाखवायला सांगणार आहे. ती दिसली की ठकू तुझी.”

काका म्हणाले, “जाऊन तर बघ. दात दुखला की जातोच ना आपण?”

मावशी गेली.

३

डॉक्टर वयाने लेकीएवढीच होती, सदा सर्दी झालेली, बोलताना मध्येच शिंकणारी. तिच्या खोलीत शिरायच्या आधीच मावशीने दारातून डोकावून खुर्च्या मोजल्या. एक डॉक्टरची. एक पेशंटची. त्या पेशंटच्या खुर्चीवर डॉक्टरने आपला कोट आणि पिशवी टाकून ठेवली होती.

“तुमच्या लेकीने फोनवर सांगितलं होतं,” डॉक्टर म्हणाली. “आज कोट राहू दे. तुमच्यासाठी स्टूल आणलंय.”

मावशीला ती तिथेच आवडली.

डॉक्टरने पहिल्याच दिवशी मेंदूचं सगळं बिऱ्हाड समजावून सांगितलं. “मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, मावशी. तो आपला राखणदार. त्याला अक्कल बेताची, पण घाई फार. दोरी दिसली की ‘साप!’ म्हणून आधी बोंब ठोकतो. छाती धडधडते, पाय पळतात. विचार करणारा भाग कपाळामागे बसलेला, तो सावकाश चष्मा लावून येतो आणि म्हणतो, अरे, ही तर दोरी. पण तोवर तुम्ही रस्त्यावर पोचलेल्या असता.”

“मग त्या राखणदाराला काढून टाकता येतं का?”

“काढायचं नाही, शिकवायचं. तुम्ही खुर्चीवर कपडे टाकता, त्याला वाटतं, बरं झालं आपण ओरडलो, म्हणून वाचलो. त्याला कधी कळतच नाही की न ओरडताही काही झालं नसतं. आपण त्याला ते दाखवायचं. मोकळी खुर्ची, तुम्ही समोर, आणि पळायचं नाही. भीती चढेल. चढून चढून कुठवर चढेल? थकेल आणि उतरेल.”

“आणि कारण? मला अशी भीती का वाटते?”

डॉक्टर शिंकली. नाक पुसत म्हणाली, “घर पेटलं की आधी विझवायचं. काडी कोणी टाकली ते सापडलं तर सापडलं.”

कोट खुर्चीवरून निघायला कितीतरी खेपा लागल्या. आधी पिशवी गेली. मग कोट पाठीवर राहिला. मग नुसता रुमाल. ज्या दिवशी रुमालही गेला त्या दिवशी मावशी घामाने निथळली, टेबलाची कड धरून बसली, डॉक्टरला दोन शिव्याही दिल्या. डॉक्टर हसत म्हणाली, “द्या, द्या. पण उठू नका.”

आणि भीती खरंच उतरली. तापात घाम येऊन अंग हलकं व्हावं तशी. मावशी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. चार पाय, एक पाठ, दोन हात. बस्स. ती रडायला लागली, आणि रडतारडता हसायला.

४

घरी आल्यावर तिने खिडकीजवळची खुर्ची मोकळी केली. चिंध्या पिशवीत भरल्या, लाकूड ओल्या फडक्याने पुसलं, वर आपल्या हाताने शिवलेली निळी गादी ठेवली. स्वतः मशीनवर बसली आणि दिवसभर त्या खुर्चीसमोर कोटाचं अस्तर घालत राहिली. छाती शांत. हात कोरडे. काकांनी लेकीला फोटो पाठवला. लेकीचा लगेच फोन आला.

त्यानंतरचे काही दिवस मावशीच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. ती गुणगुणत काम करी. बाजारातून जाताना दुकानादुकानांतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे मान वर करून बघे, जुन्या सावकाराला चुकवत फिरणाऱ्याने आता त्याच्यापुढून ताठ जावं तशी.

एके सकाळी वरच्या मजल्यावरची शेजारीण पडद्याचं कापड घेऊन आली. मावशी मोठ्या उत्साहाने म्हणाली, “अगं, बस ना! आता आमच्याकडे माणसं बसतात.”

“बसते की,” शेजारीण म्हणाली, खिडकीपर्यंत आली आणि तिथून वळून सोफ्याच्या कडेला टेकली. कपड्यांच्या दोन पिशव्या बाजूला सारून, अवघडून.

“खुर्ची घे की.”

“राहू दे गं. तिथे ऊन येतं.”

मावशीने पाहिलं. ढगाळ दिवस होता. पण ऊन येतं असं वाटू शकतं एखाद्याला. ती पडद्याची मापं घ्यायला लागली.

दुपारी तिच्या लक्षात आलं की खुर्ची मोकळी झाल्यापासून काकाही तिच्यावर एकदाही बसलेले नाहीत. चहाचा कप घेऊन ते दाराच्या उंबऱ्यावर बसत.

“अहो, खुर्ची आहे ना.”

“हां,” काका म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “पाठीला कडक लागतं.”

“जन्मभर बसच्या सीटवर बसलात ते?”

“म्हणूनच तर पाठ गेली.”

बोलणं हसण्यावारी गेलं.

५

पंखा कुरकुरत होता म्हणून काकांनी मिस्त्री बोलावला. हा माणूस या घरात पूर्वी कधी आलेला नव्हता. त्याला ना मावशीची भीती ठाऊक, ना कपड्यांचे ढीग. मावशीने मशीनवरून मान वर न करता त्याच्याकडे लक्ष ठेवलं. आपण असं लक्ष ठेवतोय याची तिची तिलाच लाज वाटली.

मिस्त्रीने पंख्याकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली. “चढायला काहीतरी लागेल.”

“ती खुर्ची घ्या ना. गादी काढून ठेवा. मजबूत आहे.”

तो खुर्चीपर्यंत गेला. हात पुढे केला. मग सहज मागे फिरून स्वयंपाकघरात गेला आणि तिथलं डुगडुगतं स्टूल उचलून घेऊन आला.

“अहो, ते स्टूल हलतं. खुर्ची घ्या म्हटलं ना.”

“चालेल हो,” मिस्त्री स्टुलावर चढत म्हणाला. “कशाला उगाच उठवायचं.”

मशीन थांबलं.

“कोणाला?” मावशीने विचारलं.

“काय कोणाला?”

“उठवायचं कोणाला?”

मिस्त्रीने वरूनच तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, झोपेत काहीतरी बोललेल्या माणसाला आपण काय बोललो ते दुसऱ्याने सांगावं तसा. “उचलायचं म्हणालो मी. कशाला उगाच खुर्ची उचलायची. जड दिसते.”

त्याने पंखा उघडला, तेल घातलं, पुन्हा लावला. काम चोख केलं. जाताना मात्र खिडकीकडून न जाता टेबलाला वळसा घालून, अंग चोरून गेला. भरलेल्या खोलीतून कोणाला धक्का लागू नये म्हणून माणूस जातो तसा.

मावशीने छातीवर हात ठेवला. ठोके अगदी नेहमीचे होते.

६

“तुम्ही आता मोजायला लागलात,” डॉक्टर म्हणाली. सगळं ऐकून घेताना तिने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. “लाल गाड्या बघायच्या ठरवल्या की रस्ताभर लालच गाड्या दिसतात. घरच्यांच्या पायांना इतक्या वर्षांची सवय आहे. तुमची शेजारीण, काका, कोणी विचार करून बसत नाही हो. पाय आधी वळतात, कारण मागाहून सुचतं. मेंदू असाच आहे. आधी करतो, मग सबब शोधतो.”

“आणि पंखेवाला?”

“जीभ घसरली. माझीही घसरते. परवा मी माझ्या नवऱ्याला ‘पुढचे पेशंट’ म्हटलं.”

मावशी हसली. सगळं पटण्यासारखं होतं, आणि तिला पटलंही. पटल्यावर तिने विचारलं, “तुम्ही एकदा घरी येऊन बघाल?”

डॉक्टर आली. हातात फुलं घेऊन आली. काकांनी चहा केला. डॉक्टर खिडकीजवळ उभी राहून निळ्या गादीचं कौतुक करत होती. “ही ती प्रसिद्ध खुर्ची! मावशी, किती धीराच्या आहात तुम्ही, माहितेय? मी हे सगळं पुस्तकात वाचून सांगते, तुम्ही करून दाखवलंत.” बोलताबोलता तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग तो उचलला. मग ती गप्पा मारत मारत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. चहा तिने तिथेच घेतला, उभ्याउभ्या, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत.

“बसा ना,” काका म्हणाले.

“नको, मला इथेच बरं वाटतंय. दिवसभर बसूनच असते.”

डॉक्टरचा चेहरा प्रसन्न होता, कसलीही शंका नव्हती त्यावर. त्या मुलीला हे दाखवून देणं म्हणजे झोपेत चालणाऱ्याला गच्चीच्या कठड्यावर हाक मारण्यासारखं होतं.

डॉक्टर गेल्यावर मावशीने काकांना ती खुर्ची आत नेऊन ठेवायला लावली आणि तिच्या जागी पडद्यांची खुर्ची मोकळी करून ठेवली. संध्याकाळी शेजारीण तयार पडदे न्यायला आली. खिडकीपर्यंत गेली, आणि सोफ्याच्या कडेला टेकली.

म्हणजे खुर्चीचं काही नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी काकांनी जुनी खुर्ची गादीसकट पुन्हा खिडकीजवळ आणून ठेवली, आणि घरात कोणी नसताना मावशी मनाशी म्हणाली, चल, आपणच बसून बघू. हे आधी का सुचलं नाही, याचं तिला नवल वाटलं. डॉक्टरकडे नंतरच्या खेपांना ती कितीदा तरी रिकाम्या खुर्चीवर बसली होती. घरी एकदाही नाही.

सकाळचा उजेड होता. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मावशी उठली, खुर्चीकडे निघाली, आणि भानावर आली तेव्हा स्टुलावर बसून सुईत दोरा ओवत होती.

ती पुन्हा उठली. या वेळी प्रत्येक पाऊल बघून टाकलं. पोचली स्वयंपाकघरात. तिथे ती पाणी प्यायली, कारण तहान लागली होती. तहान लागली होती का?

भीती नव्हती. हेच तिला राहून राहून कळत नव्हतं. पूर्वी अंगात एवढा गोंगाट असायचा की दुसरं काही ऐकू यायचं नाही. आता आत सगळं निवांत होतं, आणि त्या निवांतपणात तिचे पाय तिला न विचारता वळत होते. सगळ्यांचे वळतात तसे. म्हणजे बाकीचे लोक असेच असतात का? ती बाकीच्यांसारखी झाली, म्हणजे एवढंच झालं?

तिसऱ्यांदा ती खुर्चीला पाठ करून उभी राहिली. मागे हात नेऊन दोन्ही बाजूंचे लाकडी हात घट्ट धरले. मग हळूहळू गुडघे वाकवले. निम्म्यावर येऊन ती थांबली. कोणी धरलं नाही, कशाला लागलं नाही. नुसतंच अंग थांबलं, आणि तिच्या तोंडून, पाहुण्याशी बोलताना येतो त्या आवाजात, शब्द निघाले:

“नको नको. तुम्ही बसा, बसा.”

ती सरळ झाली. वळून पाहिलं. निळी गादी होती. गादीच्या मधोमध खोलगट खड्डा होता, आणि ती बघत असताना कापूस हळूहळू, अगदी सावकाश, वर आला.

मग तिने नवी गादी शिवली. कापूस जुना झाला की असं होतं. तो जुना नव्हता, पण होतं असं.

८

सोमवारपासून ठकू यायला लागली.

लेकीला सांगायचं का, यावर मावशीने पुष्कळ विचार केला होता. काय सांगणार? की मी बरी झाले, आणि म्हणून आता मला काळजी वाटते? लेकीने मोकळी खुर्ची पाहिली, आईच्या गळ्यात पडली, दुधाच्या बाटल्या कशा उकळायच्या ते चारदा सांगून धावत कामाला गेली. आणि मावशीला भीती वाटतच नव्हती. भीती वाटली असती तर पायच अडले असते. नुसत्या विचाराने कोणाचे पाय अडत नाहीत.

ठकू गुणी होती. अजून बसायला शिकली नव्हती. उशांच्या आधाराने टेकवली तरी थोड्याच वेळात एका बाजूला कलंडे आणि कलंडल्या कलंडल्या स्वतःच खदखदून हसे. मावशी तिला जमिनीवर जाड गोधडी घालून निजवी आणि जवळच स्टुलावर बसून काम करी. पायाने मशीन, नजरेने ठकू.

एका दुपारी काका झोपले होते. ठकू गोधडीवर पालथी पडून एका रंगीत रिळाशी झटापट करत होती. मावशी दूध कोमट करायला आत गेली. दूध तापत असताना बाहेरून ठकूचं हसणं ऐकू आलं. आधी साधं, मग कोणी गुदगुल्या कराव्यात तसं, दम लागेपर्यंत. काका उठले वाटतं, असं म्हणून मावशीने बाटलीचं झाकण लावलं. मग तिला आतल्या खोलीतून काकांचं घोरणं ऐकू आलं.

ती बाहेर आली.

ठकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती.

ताठ बसली होती. पाठ खुर्चीच्या पाठीला टेकली नव्हती. मध्ये वीतभर मोकळी जागा होती. तिचे पाय गादीला लागत नव्हते, ते गादीच्या जरा वर, लोंबत होते. मान मागे टाकून ती वर बघत होती, मांडीवरचं मूल मांडी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं तसं, आणि बघून हसत होती.

मावशी दारात उभी राहिली आणि भीतीची वाट बघू लागली. घशाला कोरड पडेल, हात ओले होतील, कानात ठोके वाजतील. काहीच झालं नाही. हातातली बाटली कोमट होती. खिडकीतून वारा येत होता. तिला एवढंच वाटलं की आपण आत जावं आणि त्यांना दोघांना बसू द्यावं. पाय वळलेसुद्धा.

मग तिने आपल्या हाताने दाराची चौकट धरली. तिच्यावर जोर देऊन, अंग ढकलत, पाण्यातून चालावं तशी खोली ओलांडली. खुर्चीकडे न बघता फक्त ठकूकडे बघत दोन्ही हात तिच्या काखेत घातले आणि उचललं.

ठकू आली. पण लगेच नाही. दुसऱ्याच्या कडेवरचं मूल आपण घ्यायला जावं, आणि त्या माणसाने अजून हात सोडलेला नसावा, तशी एक ओढ तिला जाणवली. थोडीच. मग ती सुटली.

९

त्या संध्याकाळी लेक आली तेव्हा घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर कपडे होते. नुसते कपडे नव्हते, उशा होत्या, पातेली होती, काकांच्या जुन्या बुटांचे खोके होते. मावशी खोलीच्या मधोमध ठकूला छातीशी धरून बसली होती. काका भिंतीशी उभे होते. त्यांना तिने एवढंच सांगितलं होतं, “मी काय करते ते करू द्या. मध्ये बोलू नका.”

“आई?” लेक म्हणाली. “हे काय?”

मावशीला नाटक येत नव्हतं. पण ही भीती तिने जन्मभर अंगावर वागवली होती. ती कशी दिसते हे तिला ठाऊक होतं. तिने हात थरथरवले. श्वास वर ओढला. “मला नाही जमत गं. घेऊन जा तिला. पुन्हा आणू नकोस. मी तिला टाकून पळेन, बघ, मी पळेन.”

“पण तू बरी झाली होतीस!” लेकीचा आवाज फाटला. “आई, तू बरी झाली होतीस ना!”

“घेऊन जा म्हणते ना!”

लेकीने ठकूला घेतलं. डोळे पुसत बाटल्या पिशवीत कोंबल्या. लेक जिना उतरायला लागली. तिच्या खांद्यावरून ठकू मागे बघत होती. तिने दोन्ही हात पसरले, मला घे म्हणून. मावशीकडे नाही. मावशीच्या जरा पुढे, जिन्याच्या पहिल्या पायरीकडे. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

मावशी गॅलरीत धावली.

खाली लेकीने मोटारीचं मागचं दार उघडून ठकूला तिच्या छोट्या सीटमध्ये पट्ट्याने बांधलं. मग पिशवी ठेवायला पुढचं, चालकाशेजारचं दार उघडलं. पिशवी आत नेली. थांबली. क्षणभर तशीच वाकून उभी राहिली. मग दार हलकेच लावून घेतलं आणि ती अवजड पिशवी मागे, ठकूच्या पायांपाशी, कशीबशी कोंबली.

पुढची सीट मोकळीच होती.

“थांब!” मावशी ओरडली. “थांब गं, मी येते!”

ती जिना कसा उतरली ते काकांना वरून दिसलं नाही. दिसलं ते एवढंच की ती मोटारीपाशी पोचली, दाराच्या मुठीला हात घातला, आणि तिथे बराच वेळ उभी राहिली. दोनदा ती मागच्या दाराकडे वळली. दोनदा परत आली.

“आई, आता काय?” लेक रडवेली झाली होती. “आत्ताच म्हणालीस, घेऊन जा.”

“घरापर्यंत येते. तुमच्याकडेच राहीन थोडे दिवस. ठकूला हात लावणार नाही, नुसती असेन.”

“बरं. बस मग. मागे बस.”

“पुढेच बसते.”

मावशीने दार उघडलं. रस्त्यावर माणसं येत-जात होती, कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं. ती वाकली, आत डोकं घातलं, आणि गर्दीच्या बसमध्ये बोलावं तसं हळूच, पण ठामपणे म्हणाली, “जरा सरका.”

मग ती बसली.

“कोणाशी बोलतेस?” लेकीने विचारलं.

“कोणाशी नाही. चल तू.”

मोटार सुरू झाली. मागे ठकू एकदा खुदकन हसली आणि गप्प झाली. वळणावर लेकीने बाजूला पाहिलं. आई दाराला चिकटून, एक खांदा काचेला दाबून, अर्ध्या सीटवर अंग चोरून बसली होती. तिचे हात मांडीवर शांत होते.

“अगं, नीट बस ना,” लेक म्हणाली. “एवढी जागा आहे.”

“नाही,” मावशी म्हणाली. “आहे तेवढी पुरे.”